अनुभव धागा : कोल्हापुरात मित्रमंडळींबरोबर तुम्ही काय खाता, कुठं बसता?

कोल्हापूर म्हटलं की बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा तांबड्या-पांढऱ्याचं विचारतो. त्यावर भरपूर लिहून झालंय. मला विचारायचंय ते रोजचं. मंगळवारी संध्याकाळी काम संपल्यावर तुम्ही कुणाबरोबर असता, पुढ्यात काय असतं? रविवारी सकाळी कुणाचा फोन येतो? आणि सगळ्यांची आवड एक, तुमची दुसरीच, असं असेल तर तुमचे मित्र काय करतात? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मला सगळ्यात जास्त वाचायची आहेत. कसंही लिहा, लांबलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. मी शुक्रवार पेठेत राहते. कॉलेजपासूनच्या दोघी मैत्रिणी आणि मी संध्याकाळी कपिलतीर्थ मंडईत भेटतो, भाजी घेतो आणि पिशव्या हातात घेऊनच खासबागेकडं चालत जातो. तिथं भेळ. आम्ही तिघी कधीच एका पुड्यात खात नाही. मला कांदा भरपूर आणि गोड पाणी अगदी थेंबभर. दुसरीला चिरमुरे दाताखाली वाजायला हवेत, म्हणून ती सुकी घेते. तिसरी भेळ हातात घेऊन गप्पा मारत बसते, सगळं मुरून मऊ झालं की मगच खायला लागते. इतक्या वर्षांत कुणीही दुसरीला ‘माझ्यासारखी घेऊन बघ’ म्हटलेलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

भेळेनंतर नाटक असलं तर नाटक बघायचो. कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना लागून असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ चं, पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, दोन्ही शाहू महाराजांनी उभारलेली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकांतले नट केशवराव यांची जयंती होती. त्या दिवशी आम्ही तिघी तिथं जाऊन उभ्या राहिलो. भेळ घेतली नाही. आजही खासबागेत बसलो की आमचं बोलणं कुठूनही सुरू होऊ दे, त्या नाट्यगृहावर येतंच.

आता तुम्ही लिहा.

लेथवाला

उद्यमनगरात आपलं छोटं वर्कशॉप आहे. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी मिसळ, हे ठरलेलं. मी, शेजारचा पॅटर्न बनवणारा, आणि फौंड्रीत कामाला असणारे दोघं. फडतऱ्यांची मिसळ आमच्यापासून चालत जायच्या अंतरावर, पण तिथली गर्दी बघून कधी कधी दुसरीकडं बसायचो. उद्यमनगरात मिसळीला तोटा नाही.

पाहुणं आलं की पाव मागतंय. आमच्याकडं मिसळीबरोबर ब्रेड. जाड कापलेला स्लाइस मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, पितो आणि तरीबी हातात तुटत नाही. पाव एकदा भिजला की त्याचा लगदा होतोय. माझी आवड अशी की शेव-फरसाण मऊ पडलेलं मला चालत नाही. म्हणून मी कट वाटीत वेगळा घेतो आणि घासाला लागेल तेवढाच वर सोडतो. फौंड्रीवाल्यांचं उलटं. रात्रभर भट्टीजवळ काढलेली माणसं, त्यांना पहिल्या झटक्यात सगळं भिजलेलं, गरमागरम पाहिजे, वरनं लिंबू पिळून. त्यांना बघून मला कळलं की तिखट खायला जिभेपेक्षा अंगातला घाम जास्त मागतोय.

आमच्या टेबलावर कामाचंच बोलणं होतंय. कुणाकडं जॉब जास्त आलाय, कुणाची मशीन रिकामी आहे, हे मिसळ खाताना कळतं. जास्तीचं काम तिथंच एकमेकांत वाटून जातं. कागद नाही, काय नाही. मंदीच्या काळात वर्कशॉप अर्धा दिवस बंद असायचं, तेव्हाबी आम्ही सकाळचं बसणं मोडलं नाही. ज्याच्याकडं त्या आठवड्यात पैसे आले, त्यानं बिल दिलं.

माळकरी

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात वडिलांपासून पंढरीची वारी. आणि आमच्या रस्सा मंडळाचं वाटण मी करतो. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही सगळे एका शाळेतले. पंचगंगेच्या पलीकडं एका मित्राचं रान आहे. तिथं विहिरीजवळ चुली मांडायच्या, सकाळी मटण आणायचं, दुपारी जेवायचं, असं आमचं ठरलेलं. माळ घातली तेव्हा मी मंडळ सोडायचं म्हणत होतो. मित्रांनी ऐकलं नाही. ‘तू खाऊ नको, पण ये’, एवढंच म्हणाले. पुढच्या वेळी जाऊन बघतो तर वेगळी चूल, वेगळं पातेलं आणि नवीन कोरी पळी ठेवलेली. पळीला ओळखायला लाल दोरा बांधलेला. तो दोरा झिजला की कुणीतरी नवीन बांधतो. कोण बांधतो ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

मग मी वाटणाला बसलो, कारण घरी आईच्या हाताखाली तेच शिकलो होतो. तांबड्यासाठी कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं. खोबरं लगेच करपतं, कांद्याला वेळ लागतो, दोन्ही एकत्र टाकलं की एक तरी बिघडतं. तीळ आणि खसखस शेवटी, तवा उतरवून नुसत्या धगीवर. पांढऱ्यासाठी काहीच भाजायचं नाही. खसखस-तीळ-काजू भिजवून गंधासारखं बारीक वाटायचं आणि ओल्या नारळाचं दूध काढून ठेवायचं.

पुढचं काम दुसऱ्याचं. आलं-लसूण, हळद, मीठ घालून मटण शिजवतात, त्याचं पाणी निघतं, त्यालाच आमच्याकडं अळणी म्हणतात. त्या एकाच पाण्याचे दोन रस्से होतात. अर्धं पाणी कांदा-लसूण चटणीच्या फोडणीत जातं, अर्धं वाटणात आणि नारळाच्या दुधात. पांढऱ्यात नारळाचं दूध पडलं की जाळ कमी करायचा. खळाखळा उकळला की रस्सा फुटतो. हे सांगायला मी चुलीजवळ उभा असतो. चव मी घेऊ शकत नाही. वासावरून सांगतो. मिरे-लवंगेचा वास पुढं यायला लागला की रस्सा झाला. मीठ बघायचं काम दुसऱ्या एकाकडं दिलेलं आहे.

माझ्या चुलीवर अख्खा मसूर नाहीतर भरली वांगी. गंमत म्हणजे आता निम्मं मंडळ आधी माझ्या पातेल्याकडं येतं. गेल्या काही वर्षांत मसुराचं प्रमाण वाढवत न्यावं लागलं. भाकऱ्या एकाच टोपलीतल्या, पंगतही एकच. मी मटण खाणाऱ्यांच्या मधोमध बसतो. मला त्याचा त्रास होत नाही. कीर्तनाला जातो तेव्हा हेच मित्र मला सोडायला येतात आणि मागं बसून ऐकतात.

तांबडा-पांढरा हॉटेलात खाऊन गेलेल्यांना हा भाग माहीत नसतो. २०१९ च्या अखेरीला मटणाच्या दरावरून शहरात आंदोलन उभं राहिलं तेव्हा बाहेरचे लोक हसत होते. ज्यांच्याकडं महिन्यातून एकदा असं एकत्र बसणं होतं, त्यांना ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वर्गणी परवडली नाही म्हणून एखादा मित्र यायचा थांबतो, ही फार मोठी गोष्ट आहे.

मंगळवार पेठेची सून

माळकरी दादा, तुमच्या पळीचा दोरा वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आमची गल्लीतली बायकांची मैत्री आषाढातली. त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, यात्रेला मंगळवारी नाहीतर शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं. पुढं पिपाणी-ढोलाचं ‘पी ढबाक’ वाजत असतं, पावसाची भुरभुर असते, पायाखाली चिखल. लग्न होऊन आले तेव्हा मी कुणालाच ओळखत नव्हते. त्या वाटेवर चालता चालता माझ्या तीन जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या.

संध्याकाळी गल्लीत जेवण. पूर्वी बायका देवीवरून येऊन पुन्हा वाढायला उभ्या राहायच्या. आमच्या पंगतीपर्यंत भात गार आणि तांबड्याच्या तळाशी उरलेलं. एका वर्षी आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकूंनी मांडवात येऊन सांगितलं, पाणी आम्ही वाहून आणलंय, पहिली पंगत आमची. कुणी वाद घातला नाही. मंडळाच्या पोरांनी पत्रावळ्या मांडल्या आणि वाढलं. त्यानंतर तीच पद्धत पडली.

माझी आवड विचाराल तर मटणापेक्षा मला गरम पांढरा रस्सा नुसता वाटीतून प्यायला आवडतो. पावसात भिजून आल्यावर पहिला घोट पोटात जातो तेव्हा अंगातली हुडहुडी थांबते. मैत्रिणींना हे माहीत आहे. कुणीतरी न विचारता दुसरी वाटी माझ्यापुढं सरकवतंच.

शाहू स्टेडियम

माझ्या फुरसतीचं एकच उत्तर, फुटबॉल. हंगाम सुरू झाला की बाकी सगळं मागं. मी पाटाकडील तालमीच्या संघाचा, माझा लहानपणापासूनचा दोस्त दिलबहार तालमीचा. सामन्याच्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या बाजूला बसतो आणि एकमेकांना फोन करत नाही. सामना संपला की चहाची ठरलेली गाडी. आधी हरलेल्यानं बोलायचं, जिंकलेल्यानं ऐकायचं, असा आमचा नियम आहे. बिल जिंकलेला देतो.

स्टेडियमवर खायला फक्त शेंगा आणि फुटाणे. हातात दुसरं काही नको असतं, नाहीतर डोळे मैदानावरून हलवायला लागतात. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना जिंकली तेव्हा पेठांमधून जे रस्ते फुलले ते आयुष्यभर विसरणार नाही. त्या रात्री आम्ही दोघं एकाच बाजूला होतो. चहा कुणी पाजला ते आठवत नाही.

लातूरकर, सध्या राजेंद्रनगर

मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतो. येताना घरच्यांनी सांगितलं होतं, कोल्हापूरचं तिखट सोसणार नाही, जपून खा. आमच्याकडचं तिखट मला तरी जास्त वाटतं. इथं तिखटाच्या मागं खोबरं, तीळ, कांदा असा गोडसर भाग असतो, तो मला पहिल्यांदा कळायला वेळ लागला.

आम्ही खोलीत चौघं. मेसची पातळ भाजी रोज खाऊन कंटाळा आला की रविवारी खोलीत स्वयंपाक. तिघं याच जिल्ह्यातले, पण जिल्हा केवढा वेगवेगळा आहे हे मला त्यांच्या पिशव्यांवरून समजलं. आजऱ्याचा मित्र घनसाळ तांदूळ आणतो. शिजायला लागला की शेजारच्या खोल्यांतली पोरं दार वाजवतात. त्या तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे तो प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि मला ते ऐकायला आवडतं. चंदगडचा मित्र काजू आणतो, ओले काजू मिळाले तर त्यांची उसळ होते. शिरोळचा मित्र नदीकाठची वांगी आणतो. त्याचं म्हणणं, भाजायला कृष्णाकाठचं वांगं आणि खायला दही-कांदा, यात तिसरं काही मिसळायचं नाही.

मी घरून ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी आणतो. भाकरी थापायला मला येत होती, त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हती. आता शिरोळच्याला बरी जमते.

माझी वेगळी आवड म्हणजे मला गर्दीत बसून खायला जमत नाही. खाऊगल्लीत गेलो की जीव घाबरतो. पहिल्या वर्षी मी कारणं सांगून खोलीत थांबायचो. एकदा चंदगडच्या मित्रानं विचारलं, खाणं नको आहे का गर्दी नको आहे? मी खरं सांगितलं. तेव्हापासून दावणगिरी लोणी डोसा बांधून घेतात आणि आम्ही विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली बसून खातो. डोसा थोडा मऊ पडतो. त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही.

नाईट ड्युटी

मी नर्स. रात्रपाळी संपली की आम्ही दोघी-तिघी दवाखान्याजवळच्या गाडीवर पोहे किंवा शिरा खातो. जगाचा नाष्टा ते आमचं रात्रीचं जेवण. त्या वेळी आम्हाला बोलायचं नसतं, फक्त शेजारी कुणीतरी ओळखीचं हवं असतं. गाडीवाल्या मावशींना ते कळतं. रात्री वॉर्डात काही वाईट घडलेलं असेल तर त्या चेहऱ्यावरून ओळखतात आणि चहात जास्तीचं आलं टाकतात.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी रंकाळा. राजघाटाकडून पदपथ उद्यानाकडं चालत जायचं, वाटेत भाजलेलं कणीस, लिंबू जास्त, तिखट कमी. गप्पा तेव्हा.

गोड जिभेचा

मंगळवार पेठेत जन्म, तालमीच्या समोर घर, आणि मला तिखट अजिबात सोसत नाही. पोटाचा त्रास लहानपणापासून आहे. मुद्दाम लिहितोय कारण माझ्यासारखे या शहरात पुष्कळ असणार.

शाळेत असताना तिखट खाणं म्हणजे मर्दपणा, असं वातावरण होतं. माझ्या मित्रांनी मात्र मला कधी त्या शर्यतीत उभं केलं नाही. ते मिसळीला गेले की मी बरोबर जातो आणि दही-ब्रेड खातो. नंतर सगळे माझ्याबरोबर आईस्क्रीमला येतात. सोळंकी नाहीतर इंपीरियल. कोल्हापुरातलं कॉकटेल आईस्क्रीम बाहेरच्या लोकांना समजावून सांगावं लागतं, कारण नावामुळं त्यांना भलतंच काही वाटतं. फळं, जेली, सुकामेवा आणि आईस्क्रीम, एवढंच आहे ते. मी चमचा तळापासून घालतो. फळं वर, जेली खाली असते, एका घासात दोन्ही यायला हवं.

गंगावेशीचा दूध कट्टाही माझ्या आवडीचा. संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात येतो. तालमीतली पोरं मोठे पेले रिचवतात. मला एक पुरतो, पण त्या पहिलवान पोरांच्या शेजारी उभं राहून पिताना वेगळंच बळ आल्यासारखं वाटतं.

आणि २६ जानेवारीची जिलेबी. झेंडावंदन झालं की गावभर जिलेबीचे स्टॉल लागलेले असतात. घरी नेण्यासाठी रांगा, पुडे, पाकाचा वास. आमचा ग्रुप त्या दिवशी न चुकता भेटतो. तिखटवाल्यांच्या शहराला एका सकाळी सगळं गोड लागतं. तो दिवस मला माझा वाटतो.

माळकरी काका, पांढरा रस्सा मला सोसेल असं वाटतं, पण त्यात हिरवी मिरची किती असते? आणि मटणाशिवाय होतो का? बायको शाकाहारी आहे.

गुऱ्हाळघर

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात आहे. गोड जिभेच्या भावा, तू आमच्याकडं ये.

थंडीत गुऱ्हाळ सुरू झालं की माझे दोस्त रात्री येतात. कोण वकील आहे, कोण शाळेत मास्तर, एकाचं मोबाईलचं दुकान. आल्यावर कुणी पाहुण्यासारखं बसत नाही. एकजण घाण्याला ऊस लावतो, एकजण चिपाडं ओढून चुलवाणाजवळ आणतो. काहिलीत रस तापायला लागला की भेंडीचा चीक घालून वर आलेली मळी काढायची. हे काम नवख्याला देत नाही. मळी राहिली की गुळाचा रंग जातो. त्यानंतर दोन-अडीच तास फक्त जाळ सांभाळायचा. गप्पा त्या वेळेतल्या.

गूळ कधी उतरायचा हे गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी करून बघतो. वाजली पाहिजे अशी गोळी झाली की काहील उचलायची आणि वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या पसरट हौदात, ओतायची. त्या पाच मिनिटांत कुणी कुणाशी बोलत नाही.

खायचं म्हणाल तर प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. वकील सुरुवातीलाच रस पिऊन घेतो, आलं-लिंबू घातलेला. मास्तर काकवीची वाट बघतो, गूळ व्हायच्या थोडं आधीची, आणि भाकरीबरोबर खातो. मला वाफ्यातला गरम गूळ, उसाच्या तुकड्यावर घेऊन, बरोबर भाजलेल्या शेंगा. मोबाईलवाला गूळ खातच नाही. त्याला राखेत भाजलेली रताळी लागतात, म्हणून तो येणार असला की आई आठवणीनं रताळी काढून ठेवते.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. कारखान्याला ऊस घातला की तोडणीपासून पुढची जबाबदारी त्यांची. इथं मजूर मिळत नाहीत, गुळव्याची कला शिकायला तरुण पोरं येत नाहीत, सौद्यात पिवळ्याधमक गुळाला गिऱ्हाईक जास्त आणि काही न मिसळता केलेला गूळ काळपट दिसतो म्हणून मागं पडतो. मला आणि भावाला काळपट गूळच करायचा आहे. माझ्या या तीन दोस्तांनी ओळखीपाळखीत फिरून त्याला गिऱ्हाईक मिळवून दिलंय. रात्री रस प्यायला येणारी माणसं दिवसा आमचा गूळ खांद्यावर घेऊन गेली, हे मला इथं लिहायचं होतं.

भाऊसिंगजी रोड

वय झालं, आता खाण्यावर बंधनं आहेत. माझं मित्रांबरोबरचं खाणं म्हणजे चहा.

याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं ‘सत्यसुधारक’ हॉटेल होतं. अस्पृश्य म्हणून ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, त्या माणसाला शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं चहा घ्यायला जाऊ लागले. बरोबरच्या मंडळींनाही तो चहा घ्यायला लावला. पुढं १९२५ मध्ये गंगारामांनी पुढाकार घेऊन महाराजांचं स्मारक उभारलं. माझ्या समाजातल्या माणसाला हा चहा काय आहे ते सांगावं लागत नाही.

आम्ही पाच म्हातारे आहोत. पाच जणांच्या पाच जाती, एक मुसलमान. नोकरीतली ओळख. रोज सकाळी एकाच ठिकाणी बसतो, साखरेचा एक, बिनसाखरेचे चार. पेपर एकच घेतो, पानं वाटून वाचतो आणि मग बातम्या एकमेकांना सांगतो. लातूरच्या मुलानं गर्दीबद्दल लिहिलं आहे, त्याला सांगतो, आमच्यातला एकजण ऐकू कमी येतं म्हणून गोंगाटात बसू शकत नाही. त्याच्यासाठी आम्ही आमची जुनी जागा सोडली आणि आतल्या बोळातल्या टपरीवर गेलो. चहा पहिल्या जागेचा चांगला होता. तरीही कुणी परत जायचा विषय काढला नाही.

लेथवाला

आबा, तुमच्या टपरीवर एकदा येणार. पत्ता इथं लिहू नका, विचारत विचारत येतो.

माळकरी

गोड जिभेच्या भावासाठी. पांढरा रस्सा बिनमटणाचा होतो, माझ्या चुलीवरही होतो. चार माणसांचं सांगतो. फ्लॉवरचे तुरे, गाजर आणि मूठभर मटार आलं-लसूण, मीठ घालून जास्त पाण्यात शिजवायचं. ते पाणी ठेवायचं, भाजी बाजूला काढायची. अर्धी वाटी काजू, दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ तासभर भिजवून एकदम बारीक वाटायचे. एका नारळाचं दाट दूध. तुपात दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, दोन वेलदोडे, पाच-सहा मिरे तडतडू द्यायचे, त्यात वाटण परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. मग भाजीचं पाणी, एक उकळी, आणि जाळ अगदी मंद करून नारळाचं दूध. हिरवी मिरची वाटणात घालायचीच नाही. एक अख्खी, देठासकट, उकळताना सोडायची आणि वाढायच्या आधी काढून टाकायची. वास राहतो, तिखट फारसं उतरत नाही. तुला मिऱ्याचाही त्रास होत असेल तर मिरे अर्धे कर.

गोड जिभेचा

करतो या रविवारी. मिरे अर्धेच घालतो. गुऱ्हाळवाले दादा, पहिलं आधण कधी लागतं?

गुऱ्हाळघर

दिवाळी झाली की लगेच. पाऊस लांबला तर आठ-पंधरा दिवस पुढं. रात्री नऊच्या पुढं ये, रस ताजा मिळेल. लातूरकरालाही घेऊन ये, आमच्याकडं गर्दी नसते. त्याला भाकरी थापायला लावू.